मिस्त्रीकाकांचा बंब

मारोतराव मिस्त्री माझ्याकडून एकच गोष्ट शिकले, थेंब मोजायला. बाकी त्यांना जे येत होतं ते त्यांनी इंजिनांकडून आणि स्वतःच्या चुकांकडून शिकून घेतलं होतं.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा राहायला त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. मागच्या भागात ते आणि गोदामावशी राहायचे. एकुलती मुलगी सुमन लग्न होऊन हिंगोलीला गेलेली. सेनगाव रस्त्याला काकांचं पत्र्याचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, जीप, डिझेल इंजिन, जे काही धूर काढत बंद पडायचं ते तिथं यायचं. बोलणं कमी. एखादं काम मनासारखं झालं की "बराबर" म्हणायचे, नाही झालं की "अजून न्हाई बराबर". दिवसाचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत आटपायचं.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात गोदामावशींना उलट्या-जुलाब लागले आणि त्यांना दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. काका शेजारी स्टुलावर बसले. तासभर हलले नाहीत. मला वाटलं, बिचाऱ्यांना बायकोची काळजी लागली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांची नजर मावशींवर नव्हतीच. बाटलीखालच्या त्या पारदर्शक नळकांड्यात थेंब पडत होता, त्याच्यावर होती.

"सिस्टर, हे किती चालू हाय?"

"मिनिटाला साठ थेंब."

"कशावरून?"

मी घड्याळ दाखवलं, मोजून दाखवलं. मग नळीवरचं छोटं चाक फिरवलं की थेंब कसा कमी-जास्त होतो तेही सांगितलं. माझी पाठ फिरली तेवढ्यात त्यांचा हात त्या चाकावर.

"काका, हात लावू नका. पेशंटला चाललंय ते."

मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "सिस्टर, त्यांना सांगा, मी इंजन न्हाई."

संध्याकाळी मावशींना घरी न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे चाकाचं सामान मेडिकलात मिळन का?" मी हो म्हटलं. पुन्हा गरज पडली तर घरात असावं, असा त्यांचा विचार असेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी अंगणात पाहते तर सलाईनची नवीकोरी नळी एका डब्याला जोडलेली आणि तिच्यातून काळंकुट्ट ऑइल थेंब थेंब गळतंय. काका मांडी घालून समोर बसलेले, हातात सुमनच्या लग्नात मिळालेलं घड्याळ.

"छत्तीस," ते म्हणाले. "घट्ट हाय. उन्हात ठेवतो, मंग बघू."

या ऑइलचा विषय त्यांच्या डोक्यात फार दिवसांचा होता. गाड्यांच्या इंजिनातून जे जळकं ऑइल निघतं ते टाकायचं कुठं, हा कुणाला प्रश्नच पडत नसे. थोडं लोक चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासायचे, बाकीचं मागच्या नाल्यात. काकांनी मात्र नाल्यात टाकणं बरीच वर्षं बंद केलेलं होतं. एकदा मी विचारलं, काहून, तर म्हणाले, "म्हशी तिथंच पित्यात." बस, एवढंच. तेव्हापासून ते सगळं ऑइल प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या मागच्या भिंतीला रांगेनं लावून ठेवत. कॅन वाढत गेले. मावशी म्हणायच्या, आमचे हे काळ्या पाण्याचे सावकार झालेत.

दुसरीकडे मावशींचे गुडघे. अंघोळीच्या पाण्याला घरात तांब्याचा बंब होता आणि त्याला रोज जळण लागायचं. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या कागदासारख्या भुर्रकन जळून जातात. बाभळीचं लाकूड टिकतं, पण ते आणायला दोन शेतं ओलांडून जावं लागायचं. डोक्यावर मोळी घेऊन मावशी घरी आल्या की उंबऱ्यावर बसून आधी गुडघे चोळायच्या, मग पाणी मागायच्या. काका ते बघायचे. त्या उन्हाळ्यात एक दिवस म्हणाले, "निम्मं लाकूड, निम्मं ऑइल. एवढं जमलं तरी सुमनच्या मायचे निम्मे फेरे वाचतेत."

त्यांनी नवा बंब स्वतः बांधला. पाण्याला जुन्या कंप्रेसरची लोखंडी टाकी, खाली विटांची भट्टी, भट्टीत ट्रॅक्टरच्या नांगराचा झिजलेला, गोल लोखंडी तवा. आधी लाकडं पेटवून तवा लाल करायचा, मग त्यावर वरून ऑइलचा थेंब सोडायचा. तवा लाल असेल तर थेंब पडता क्षणी पेट घेतो. तवा थंड असेल तर नुसता धूर. टाकीच्या वरून एक उघडी नळी काढलेली होती. "ही नळी कदी बुजवायची न्हाई," असं त्यांनी मला, मावशींना आणि गल्लीतल्या येईल त्याला सांगून ठेवलं. "वाफेला रस्ता पायजे. रस्ता न्हाई दिला तर ती सोता करती."

सलाईनची नळी महिनाभरात फुगून लिबलिबीत झाली. मग तिच्या जागी ट्रॅक्टरची तांब्याची डिझेल नळी आणि पितळी कॉक आला. मोजणं मात्र राहिलं. थेंब कधी वीस, कधी चाळीस, घड्याळ धरून.

काकांच्या पँटच्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचं, जुन्या स्पीकरमधलं. कुणी ऑइलचा कॅन आणून दिला की आधी झाकण उघडून वास घ्यायचे. पेट्रोलचा वास आला तर कॅन परत. मग चुंबक दोरीला बांधून आत सोडायचे आणि वर काढून त्याला चिकटलेला लोखंडाचा कीस बोटानं चाचपायचे. त्यावरून ते त्या इंजिनाचं किती आयुष्य राहिलं ते सांगायचे. जीपवाला एक जण हसला होता. दोन महिन्यांनी त्याची जीप नरसीच्या रस्त्याला बंद पडली आणि तो ओढून गॅरेजलाच घेऊन आला. काकांनी त्याला मागचं काही बोलून दाखवलं नाही. चहा मात्र पाजला.

हात धुण्याची त्यांची पद्धत मला फार आवडायची. लाकडाचा भुसा आणि ज्वारीचा कोंडा मिसळून ठेवलेला डबा होता. त्यानं पाच मिनिटं हात चोळायचे, मग साबण, मग पाणी, आणि मग तळहात नाकाजवळ नेऊन वास बघायचा. वास गेल्याशिवाय भाकरीला हात नाही. पुढं मला बाळ झालं, ते पाळण्यात असायचं तेव्हा गॅरेजवरून येताना ते पाळण्याला हात लावत नसत, कोपरानं झोका द्यायचे.

बंब खऱ्या अर्थानं पेटला तो पुढच्या वर्षीच्या मार्च महिन्यात, आणि पहिलीच मोठी चूक तेव्हा झाली.

आमच्या घरामागे उत्तमराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर लागून होतं. उत्तमरावांची हळद त्या भागात चांगली समजली जायची. हळद शिजवून झाली की ती पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवतात. त्यांनी ती घरामागच्या सपाट जागेवर ताडपत्र्या टाकून पसरली होती, पिवळ्याधमक हळकुंडांचं अख्खं अंगण. आणि इकडे काकांनी बंबाला ऑइल सोडलं. तवा पुरता तापला नव्हता आणि धुराडं घराच्या छपराएवढंही उंच नव्हतं. काळा, जाड धूर निघाला आणि वाऱ्यानं सरळ मागे गेला.

दुपारी उत्तमराव आले. ओरडले नाहीत. ओंजळभर हळकुंडं आमच्या ओट्यावर ठेवली. त्यांच्यावर काजळीचे तेलकट ठिपके बसले होते. पुसले की पसरायचे.

"मिस्त्री," ते म्हणाले, "वर्षभर ह्याच्यामागं राबलो आमी."

काका उभेच राहिले. हळकुंड उचललं, नाकाला लावलं, खाली ठेवलं. मग बंबाकडे गेले आणि कॉक बंद केला.

त्यानंतरचे चार दिवस गॅरेजला कुलूप होतं. काका आणि मावशी दोघं उत्तमरावांच्या ताडपत्रीवर बसून डाग पडलेली हळद वेगळी काढत होते. उत्तमरावांच्या घरचं कुणी त्यांना चहा विचारत नव्हतं. काका भाकरीचं फडकं घरूनच नेत. निवडलेली हळद त्यांनी स्वतः हळद पॉलिश करायच्या ढोलात टाकून दोनदा फिरवून आणली. बरीचशी स्वच्छ निघाली, थोडी काळपट राहिली ती राहिलीच. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, "उत्तमराव, चुकलं माझं." उत्तमराव ताडपत्री झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिथून पुढं दोन वर्षं ते दोघं बोलले नाहीत.

मला वाटलं, बंबाचा विषय संपला. पण पावसाळ्यात काका गॅरेजवर धुराडं वाढवत बसलेले दिसले. पत्र्याचे नळ एकाला एक रिव्हेट मारून त्यांनी ते दोन माणसांएवढं उंच केलं. भट्टीत हवा जायला तव्याखाली भोकं पाडली. आणि मग त्यांनी जे केलं ते मावशींना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांनी आपलं घरी नेसायचं पांढरं धोतर धुराड्याच्या पुढं, वारा जाईल त्या बाजूला, दोरीवर वाळत घातलं. बंब पेटवायचा, तासभर चालवायचा आणि धोतर उतरवून उजेडात धरून पाहायचं.

पहिल्या दिवशी धोतरावर ठिपकेच ठिपके.

"अजून न्हाई बराबर."

"धोतर कोण धुणार?" मावशींनी विचारलं.

"मी."

आणि धुतलं त्यांनीच, भुसा लावून. त्या चार महिन्यांत तीन धोतरं गेली. शेवटी मावशींनी जुन्या चादरीचा तुकडा दिला आणि सांगितलं की आता धोतराला हात लावाल तर मी हिंगोलीला लेकीकडं जाईन.

दिवाळीच्या आसपास दुसरी गोष्ट घडली. एका गॅरेजवाल्यानं पाठवलेला कॅन पावसात उघडा राहिला होता. ऑइलखाली पाणी बसलेलं. काकांनी वास घेतला, चुंबक घातलं, पण कॅन तसाच बंबावरच्या ऑइलच्या डब्यात ओतला. लाल तव्यावर पाणी मिसळलेलं ऑइल पडलं की काय होतं ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं. तडतड असा आवाज झाला आणि भट्टीच्या तोंडातून जळत्या थेंबांचा फवारा बाहेर आला. काका वाकून आत बघत होते. तोंड वाचलं, पण उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी हातावर गार पाणी धरलं, नंतर दवाखान्यात नेऊन ड्रेसिंग केलं. हात माझ्या पुढ्यात होता म्हणून मला बोलायला धीर आला.

"काका, बंद करा हे. एका हंडाभर पाण्यासाठी जीव घालवाल."

पट्टी बांधून झाली तरी काका बसून राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, तुमी सुई टोचायच्या आदी हवा काढता. न्हाई काढली तर?"

"न काढून कसं चालेल?"

"तसंच. पाणी बसू द्यायला पायजे होतं. घाई मी केली. बंबाला काहून बंद करू?"

मला राग आला होता. महिनाभर रोज मी ती पट्टी बदलली आणि ते रोज निमूटपणे हात पुढं करायचे. त्या महिन्यात त्यांनी बंब पेटवला नाही. हात बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते असं: प्रत्येक कॅनला तळाशी एक कॉक बसवला आणि भिंतीला फळी मारून कॅन तिरपे ठेवले. आलेलं ऑइल तीन आठवडे तसंच उभं राहणार, तळाला बसलेलं पाणी आणि गाळ आधी काढून घेणार, मग वरचं ऑइल जुन्या बनियनमधून गाळून वापरणार. भट्टीच्या तोंडाला लोखंडी दार आलं. कॉकाची नळी हातभर लांब झाली, म्हणजे थेंब कमी-जास्त करायला भट्टीसमोर उभं राहायची गरज नको. बाजूला वाळूच्या दोन बादल्या. कॉक हळूहळू फिरवत ते मला म्हणाले, "आता बघा, तुमचं सलाईन."

पौष महिन्यात एक सकाळ अशी आली की चादरीचा तुकडा तासभर दोरीवर राहिला आणि तसाच पांढरा उतरला. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसत होती. भट्टीत पिवळी ज्योत, खाली बाभळीचं एकच लाकूड. काकांनी चादर उलटसुलट करून पाहिली, मावशींच्या हातात दिली.

"बराबर," मावशीच म्हणाल्या.

टाकी मोठी होती. दोघांच्या अंघोळी होऊन पाणी उरायचं. म्हणून काकांनी गल्लीच्या बाजूला एक नळ काढला आणि तिथून गल्लीची सकाळ बदलली. सात वाजता बादल्यांची रांग लागायची. रांगेचा नियम काकांनी ठरवला होता आणि तो कुणालाही मोडू देत नसत. पहिली बादली बाळंतिणीची. दुसरी म्हाताऱ्याकोताऱ्यांची, त्यातही ज्यांचे सांधे धरलेत त्यांची. मग शाळेची लेकरं. धडधाकट माणसं शेवटी. एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ नोकराच्या हातून बादली पाठवून पुढं लावायला लागले, तर काकांनी ती बादली शांतपणे उचलून रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली. "बाळंत झाले का तुमचे साहेब?" एवढंच विचारलं.

दवाखान्यातून बाळंतीण घरी जायची तेव्हा मी तिच्या सासूला सांगायचे, पाणी मिस्त्रीकाकांकडून न्या. काकांना माझ्याकडून बाळंतिणींची खबर हवी असायची. कोणती गल्ली, मुलगा की मुलगी हे विचारायचे नाहीत, किती दिवस झाले एवढं विचारायचे. सव्वा महिना तिची बादली पहिली.

एका बाबतीत ते फार कडक होते. भट्टीतली राख. गावात भांडी राखेनंच घासायची सवय, आणि वांग्याच्या वाफ्यात राख टाकायचीही. बायका मागायला यायच्या. काका द्यायचे नाहीत. "चुलीची राख न्या, ही न्हाई. हिच्यात इंजनाचं लोखंड-शिसं हाय. भांड्याला लागन, पोटात जाईन." ती राख ते गॅरेजच्या मागं खड्डा खणून, फरशीचे तुकडे लावून, त्यात टाकायचे आणि वर झाकण. एका बाईनं रागानं म्हटलं, एवढी राखेची कंजूशी कशाला? काका म्हणाले, "माय, तुला विष देऊ का?" मग तिलाच चुलीची राख टोपलीभर आपल्या घरातून आणून दिली.

त्या रांगेत एका घराची बादली कधी लागली नाही, उत्तमरावांच्या. त्यांच्या घरी म्हातारी आई होती, थंडीत तिचे पाय सुजायचे. काकांनी एकदा मला सांगितलं की सिस्टर, तुमच्या हातानं एक बादली नेऊन द्या. मी नेली. उत्तमराव दारातच म्हणाले, "सिस्टर, तुमी आलात तर या. पाणी नको." मी बादली परत आणली. काकांनी ती आमच्याच न्हाणीत ओतली आणि गॅरेजला निघून गेले.

दोन वर्षांनी पुन्हा मार्च. हळद काढणी चालू होती आणि तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. उत्तमरावांची हळद खणून तिचा ढीग घातलेला होता, वर ताडपत्री. हळद शिजवायचं यंत्र घेऊन माणसं आली होती. त्यात एका बॉयलरवर पाण्याची वाफ करून ती हळदीच्या ड्रममध्ये सोडतात. बॉयलरला लागतं लाकूड, आणि सगळं लाकूड भिजून चिंब. सकाळपासून नुसता धूर निघत होता, वाफ काही धरत नव्हती. ढिगात हात घातला तर गरम लागत होतं. असाच अजून दोन दिवस राहिला असता तर आतून कुजायला लागला असता. यंत्रवाले म्हणत होते, आमाला दुसऱ्या गावाला जायचंय, वाट बघता येणार न्हाई.

मी दवाखान्यात निघाले होते. अंगणात उत्तमराव उभे दिसले. डोक्यावरचं उपरणं हातात घेतलेलं. काका ओट्यावर चहा पीत होते.

उत्तमराव म्हणाले, "मिस्त्री, लाकूड पेटून न्हाई राहिलं."

काकांनी कप खाली ठेवला. "ढीग गरम झाला का?"

"व्हय."

"वाळवायची ताडपत्री कोणत्या अंगाला हाय?"

"अजून टाकलीच न्हाई."

"टाकू नका. वारा कुठून येतो ते बघू आदी."

काका उठले, आपल्या बंबाचा तवा काढला, नळी काढली, कॉक काढला, तीन आठवडे बसलेले दोन कॅन हातगाड्यावर घातले. मावशींनी न सांगता चादरीचा तुकडा वर टाकला. मी दवाखान्यात न जाता शेतावर गेले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी दवाखान्यातच गेले. सकाळचं मला मावशींनी नंतर सांगितलं आणि दुपारचं मी स्वतः पाहिलं.

सकाळी काकांनी यंत्रवाल्यांना भट्टी रिकामी करायला लावली. बंबासाठी वाळवून ठेवलेली आमच्या घरची बाभळीची लाकडं आणून त्यांच्यावर तवा लाल केला. मग थेंब सोडला. पहिल्यांदा धूर आला. काकांनी लगेच कॉक बंद केला.

"चालू द्या, मिस्त्री," उत्तमराव म्हणाले. "धुराचं बघू नंतर."

"न्हाई. धूर असंल तर मी न्हाई जाळत."

"हळद कुजून राहिली ना."

"कुजली तर तुमची. काळी झाली तर माझी. एकदा झाली. थांबा."

त्यांनी भट्टीच्या बाजूच्या दोन विटा काढून हवेला वाट केली, तवा अजून तापू दिला, आणि पुन्हा थेंब सोडला, अगदी थोडा. मग वाढवत नेला. दुपारी मी पोचले तेव्हा ओली लाकडं भट्टीच्या भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली होती, वाळतील तशी आत जात होती, आणि बॉयलरमधून वाफेचा सरळ आवाज येत होता. एकामागून एक ड्रम शिजून उपसला जात होता. हळदीचा तो ओला, मातकट वास सगळ्या शिवारावर. काका खाली बसून घड्याळ बघत होते. चादरीचा तुकडा बोरीच्या झाडाला बांधलेला. संध्याकाळी दिवे लागायच्या आत शेवटचा ड्रम उतरला.

चादर उतरवायला काका उठले, तोवर उत्तमराव झाडापाशी पोचले होते. त्यांनी ती सोडली, दोन्ही हातांत धरून उजेडाकडं केली आणि बराच वेळ पाहिली. मग चार घड्या घालून काकांच्या हातात दिली. काकांनी ती काखेत धरली.

"माय कशी हाय?" काकांनी विचारलं.

"पाय सुजतेत."

दुसऱ्या दिवशी बंबाला तवा परत बसवेपर्यंत आठ वाजले. रांग खोळंबली होती. रांगेच्या शेवटी उत्तमराव स्वतः उभे होते, हातात पितळी बादली. काकांनी त्यांना पाहिलं, जवळ जाऊन ती बादली घेतली आणि बाळंतिणीच्या बादलीमागं ठेवली. नियमच तसा होता.

मावशींनी त्या दिवशी गव्हाची खीर केली होती. मला वाटीभर आणून दिली.

पुढं माझी बदली झाली. गोरेगाव सुटलं तरी नवरात्रात किंवा कुणाच्या लग्नाला मी जायचे. मागच्या वर्षी गेले ती हिवाळ्यात. जीपमधून उतरून गल्लीत वळले तर मावशी अंगणात उभ्या राहून वर बघत ओरडत होत्या, "अहो, सुमनचे बाबा, पाय घसरन. उतरा आता."

काका गच्चीवर होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला रुमाल बांधून काचेच्या लांब नळ्या एकेक करून दुसऱ्या चौकटीत बसवत होता. सुमननं हिंगोलीहून सोलरचं सामान पाठवलं होतं, आणि बसवायला येणाऱ्या माणसांची वाट बघायला काका तयार नव्हते.

"सिस्टर आल्या का? बरं झालं," ते वरूनच म्हणाले. "पावसाळ्यात आन ढगात बंब लागनच. पण ऊन हाय तवर जाळायचं काहून?"

मी म्हटलं, "उतरा ना, चहा पिऊ."

"उतरतो. आदी खालचा नळ सोडा. हात धरा खाली. पहिली चौकट कालच भरली, सकाळपासून उन्हात हाय तिची टाकी."

मावशींनी माझी पिशवी घेतली. मी नळ सोडला. पाणी गार होतं, नळीतलं रात्रीचं. मी हात तसाच धरून ठेवला. वर काका गच्चीच्या कठड्यावरून वाकून माझ्याकडं बघत होते, एक हात कपाळावर, उन्हाच्या आड.

"आलं का?"

"अजून नाही."

"धरून ठेवा."

बोटांवरचा गारवा हळूच कमी झाला, मग कोमट, मग एकदम चांगलं ऊन पाणी हातावर आलं.

"येऊन राहिलं, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि पुढची काच उचलायला पलीकडं वळले.